शेणखत दरवर्षी तेवढंच, मग ज्वारीचा उतारा कमी-जास्त का होतो?

मंगळवेढा भागातल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ४ एकर कोरडवाहू रान आहे. त्यातलं २ एकर खोल काळं, २ एकर हलकं, खाली मुरूम. दरवर्षी सप्टेंबरात, पेरणीच्या आठ-पंधरा दिवस आधी, एकरी २ ट्रॉल्या शेणखत टाकतात आणि मालदांडी ज्वारी पेरतात. एका साली एकरी ८ क्विंटल पिकली, दुसऱ्या साली ३. मागच्या हंगामात काळ्या रानातली ताटं डोक्यावर गेली, पण कणसं भरली नाहीत आणि जानेवारीत बरीच ताटं बुडातून मोडून पडली. बांधापलीकडच्या रानात खताची एक पाटीसुद्धा पडली नव्हती, तरी तिथला उतारा यांच्याएवढाच आला. तर शेणखताचा उपयोग होतो की नाही, आणि एकरी किती टाकावं?

दादा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेत. एक म्हणजे उतारा दरवर्षी का बदलतो, आणि दुसरा म्हणजे खत काम करतं की नाही. पहिल्याचं उत्तर बहुतांशी पावसात आणि जमिनीच्या खोलीत आहे. दुसऱ्याचं उत्तर "करतं" असंच आहे, पण ते कधी दिसतं, कधी दिसत नाही आणि कधी उलटं फिरतं, हे त्या वर्षीच्या हवामानावर ठरतं. पाऊस आणि जमिनीची खोली मिळून उतारा जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतो ते ठरवतात. त्याच्या किती जवळ पीक पोचेल, हे खत, पेरणीची वेळ, ताटांची संख्या आणि कोळपणी यांवर अवलंबून असतं. पाणीच कमी असेल तर खताला दाखवायला जागाच उरत नाही. मागच्या हंगामात शेजाऱ्याचा आणि तुमचा उतारा सारखा आला त्याचं सर्वांत संभवनीय कारण हेच आहे.

आधी पाण्याचा हिशोब करू, कारण त्याशिवाय खताचं प्रमाण ठरवता येत नाही. रब्बी ज्वारी पेरतो तेव्हा पाऊस जवळजवळ आटोपलेला असतो. पुढचे चार महिने पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर जगतं. काळ्या मातीत दर १० सेंमी खोलीला ढोबळमानाने १५ ते २० मिमी एवढं पिकाला घेता येणारं पाणी मावतं. म्हणजे ३० सेंमीवर मुरूम लागणाऱ्या रानात फार तर ५०-६० मिमी, ६० सेंमीच्या रानात १००-१२० मिमी आणि ९० सेंमीच्या पुढच्या खोल रानात १५० मिमी किंवा त्याहून जास्त. १ मिमी म्हणजे एकरावर ४,००० लिटर पाणी, तेव्हा हलक्या आणि खोल रानातला फरक एकरी ४ लाख लिटरच्या घरात जातो. ज्वारीला बऱ्यापैकी दाणा भरायला एकूण २५० ते ३०० मिमी पाणी लागतं. साठ्यात कमी पडेल तेवढं पेरणीनंतरच्या हस्त-चित्राच्या पावसाने द्यावं लागतं. खोल रानाला एक-दोन चांगल्या पावसांत भागवता येतं. हलक्या रानाला तो पाऊस लागतोच, नाही आला तर डिसेंबरात पीक उभं वाळतं. तुमचा ८ आणि ३ क्विंटलचा आकडा दोन्ही रानांची सरासरी असेल तर आधी ती सरासरी मोडा आणि दोन रानांचा उतारा वेगवेगळा लिहायला लागा. एकत्र आकड्यातून काहीच कळत नाही.

साठा किती झाला हे पेरणीच्या वेळी मोजता येतं. १२ मिमी जाडीची, सव्वा मीटर लांबीची लोखंडी सळई घ्या, वर आडवी मूठ जोडून घ्या आणि दर १० सेंमीवर रंगाची खूण करा. पाऊस उघडून वाफसा (चिखल नाही आणि कोरडंही नाही, अशी ओल) आला की एकरात दहा-बारा ठिकाणी सरळ दाबा. ओल्या काळ्या मातीत सळई अंगच्या जोराने जाते, कोरड्या थराला किंवा मुरमाला लागली की अडते. किती खूण आत गेली ती लिहून ठेवा. ८० सेंमीपर्यंत गेली तर साठा भरलेला आहे. ३५-४० सेंमीवर अडली आणि जमीन तर खोल आहे, तर समजा की पावसाळ्यात पाणी मुरलं नाही, वाहून गेलं. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे सगळे निर्णय (बियाणं किती, युरिया किती, ताटं किती ठेवायची) यावर घेता येतात.

आता हवामान कुठे कुठे हात घालतं ते पाहा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० ते ७०० मिमी पाऊस, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरचा. जुलै-ऑगस्ट बऱ्याचदा कोरडे जातात आणि मग थोड्या दिवसांत जोराचा पाऊस येतो. असा पाऊस उघड्या काळ्या रानावर पडला की वरची माती फुटून गाळ होते, भेगा आणि छिद्रं बुजतात आणि पाणी बांधाकडे धावतं. पावसाचा आकडा मोठा दिसतो, पण जमिनीत मुरतं थोडं. म्हणून एकाच गावात, सारख्याच पावसात, दोन शेतांची ओल वेगळी निघते.

पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्याआधी पेरलं तर खोडमाशी जास्त लागते आणि पोंगे (रोपाचे मधले कोंब) मरतात. उशीर केला तर वरची ५-७ सेंमी ओल उडते आणि उगवण विरळ होते. फुलोरा साधारण सत्तराव्या दिवसाच्या पुढे येतो, म्हणजे डिसेंबरात. तेव्हा रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली काही दिवस राहिलं तर परागकण नीट काम करत नाहीत आणि कणसात दाणे गाळलेले दिसतात. नोव्हेंबर-डिसेंबरात ढगाळ हवा टिकली की मावा वाढून पानांवर चिकटा पडतो, कडब्याची प्रत जाते. दाणा पिकताना पाऊस आला तर दाणा काळा पडतो. या बाबतीत शेणखत काहीच करू शकत नाही, आणि त्या नुकसानीचं खापर खतावर फोडू नये.

खत काय करतं, इथे थोडं थांबू, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. "शेणखत पाणी धरून ठेवतं" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. एका एकरात वरच्या १५ सेंमी मातीचं वजन सुमारे ८०० टन भरतं. तुम्ही एकरी २ टन शेणखत टाकलं, तर त्यात निम्मं पाणी. उरलेल्या १ टनात माती आणि राख असते, आणि जो सेंद्रिय भाग असतो त्यातला बराचसा वर्ष-दोन वर्षांत कुजून हवेत जातो. ८०० टन मातीत हे एवढंसं खत एका हंगामात स्वतःमध्ये पाणी साठवून पीक तारेल, असं होऊच शकत नाही. त्याचा पाण्यासंबंधीचा खरा उपयोग पृष्ठभागावर आहे. वर्षानुवर्षं खत मिळणाऱ्या रानात मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, जोराच्या पावसात लगेच फुटत नाहीत, वर पापुद्रा कमी धरतो आणि पाणी आत जायला वाट राहते. सप्टेंबरच्या एका झोडपणाऱ्या पावसातलं २०-२५ मिमी पाणी जास्त मुरलं, तर एकरी लाखभर लिटर साठा वाढला. हा फायदा सलग चार-पाच वर्षं थोडं थोडं खत दिल्यावर दिसायला लागतो. एका वर्षी जादा खत ओतून तो विकत घेता येत नाही.

दुसरं काम अन्नद्रव्यांचं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) सुमारे अर्धा टक्का, स्फुरद (फॉस्फरस) पाव टक्का आणि पालाश (पोटॅश) अर्धा टक्का धरा. ट्रॅक्टरची एक ट्रॉली २.५ ते ३ टन भरते. म्हणजे एका ट्रॉलीत नत्र १२ ते १५ किलो. त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला मिळतं पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ३ ते ५ किलो. बाकीचं पुढच्या वर्षांत हळूहळू. एकरी ८ क्विंटल दाणा आणि त्याला साजेसा कडबा काढला तर पीक जमिनीतून २० किलोच्या वर नत्र उचलतं. म्हणून एका वर्षाच्या एका ट्रॉलीवर आठ क्विंटल निघत नाहीत. ते जमिनीतला जुना साठा, आधीच्या वर्षांचं खत आणि वरून दिलेलं नत्र यांच्या बेरजेवर निघतात.

हवामान नुसतं पिकावर चालत नाही, ते खतावरही चालतं. खत कुजून त्यातलं नत्र मोकळं व्हायला ओल आणि ऊब दोन्ही लागतात. जून-जुलै कोरडे गेले तर खत जमिनीत तसंच पडून राहतं. त्या वर्षी परिणाम दिसत नाही, पण पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला की दोन वर्षांचं नत्र एकदम सुटतं. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी साचून राहिलं तर मोकळं झालेलं नत्र काळ्या जमिनीत हवेअभावी वायू होऊन निघून जातं. म्हणजे सारख्याच दोन ट्रॉल्यांतून एका वर्षी पिकाला ४ किलो नत्र मिळेल, दुसऱ्या वर्षी १५ किलो. खत तेवढंच, पण मिळकत वेगळी.

आता मागच्या हंगामातल्या ताटांकडे येतो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं ते असं. एकरी २ ट्रॉल्या म्हणजे ५ ते ६ टन. कोरडवाहू रब्बी ज्वारीची शिफारस हेक्टरी ५ टन, म्हणजे एकरी २ टन आहे. तुम्ही दरवर्षी शिफारशीच्या अडीच-तीन पट देत आला आहात, आणि त्यातलं न सुटलेलं नत्र साठत गेलं. पेरणीच्या वेळी ओल भरपूर, नत्र भरपूर, त्यामुळे पहिले ५०-६० दिवस पीक जोमात वाढलं. पानं रुंद झाली, ताटं उंच गेली. पण जेवढी पानं जास्त तेवढं पाणी रोज जास्त उडतं. साठा मर्यादित, वरून ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस नाही. पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात) येईपर्यंतच पिकाने दाणे भरण्यासाठी लागणारं पाणी संपवून टाकलं. कडबा भरपूर आणि कणीस पोचट, हे चित्र अशा वेळी ठरलेलं आहे. खत न दिलेल्या रानातलं पीक बुटकं राहिलं, त्याने पाणी जपून वापरलं आणि शेवटी दाण्यात तेवढाच आकडा गाठला.

ताटं मोडली त्याचं कारण बहुधा खडखड्या रोग. या रोगाची बुरशी जमिनीत आणि जुन्या धसकटांत असतेच. फुलोऱ्यानंतर पिकाला पाण्याचा ताण पडला की ती मुळांतून बुडात शिरते. जादा नत्र आणि दाट ताटं असलेल्या रानात ती जास्त नुकसान करते, कारण तिथे ताण लवकर आणि जोरात येतो. खात्री करायची असेल तर पडलेल्या ताटाचं जमिनीलगतचं दीड वीतभर खोड उभं चिरा. आतला गर जाऊन नुसते धागे मोकळे राहिलेले आणि धाग्यांवर बारीक काळी भुकटी दिसली, तर खडखड्या. वाटोळी छिद्रं आणि आतून कोरलेला बोगदा दिसला, तर तो खोडकिडा, खडखड्या नव्हे. खडखड्या आला असेल तर त्या रानातली धसकटं वेचून काढा. पुढे त्या रानात पिकाची फेरपालट करता आली तर करा.

दुसरी अडचण सप्टेंबरात खत टाकण्याची. पेरणीच्या आठ-पंधरा दिवस आधी खत पसरलं की ते मिसळायला कुळवाची पाळी द्यावी लागते, आणि पावसाळ्याच्या शेवटी दिलेली प्रत्येक जादा पाळी वरच्या थरातली ओल उडवते. खतात काडीकचरा असेल तर जमीन पोकळ राहते, बियाणं ओल्या मातीला टेकत नाही आणि उगवण तुटक होते. अर्धवट कुजलेलं खत असेल तर ते कुजवणारे जीवाणू जमिनीतलंच नत्र काही आठवडे धरून ठेवतात, रोपं पिवळी राहतात. वर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण, आणि गाजरगवताचं बी फुकटात.

म्हणून रब्बीच्या रानाला शेणखत मे महिन्यात, उशिरात उशिरा पहिल्या पावसाआधी द्यावं. शेतात छोटे ढीग करून ते आठ-आठ दिवस उन्हात ठेवू नका, त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. ट्रॉली रिकामी केली त्याच दिवशी पसरा आणि त्याच दिवशी कुळव फिरवून ८-१० सेंमी मातीत मिसळा. चार महिन्यांचा पावसाळा त्याला कुजायला मिळतो, मोकळं झालेलं नत्र पाण्याबरोबर थोडं खाली उतरतं, आणि रब्बीच्या मुळांना नेमकं तिथेच हवं असतं. मुसळधार पावसाच्या वर्षी यातलं काही नत्र वाया जाईल, हे मान्य करूनच मी हे सांगतो. पेरणीच्या तोंडावर ओल गमावण्यापेक्षा तो तोटा लहान आहे.

उकिरड्याचंही बघा. उघड्यावर, उन्हात वाळलेलं शेण रंगाने काळं झालं तरी त्यात नत्र फारसं उरलेलं नसतं. सावलीला ३ फूट खोल, ६ फूट रुंद आणि सोयीच्या लांबीचा खड्डा घ्या. शेण आणि गोठ्यातला मुताने भिजलेला पालापाचोळा मिसळून थर द्या, कडब्याचे बुडखे बारीक करून टाका, ओल मुठीत दाबल्यावर हाताला लागेल पण पाणी टपकणार नाही एवढी ठेवा, आणि भरला की शेणमातीने लिंपा. चार ते पाच महिन्यांत खत तयार होतं. हात घातल्यावर ऊब लागत नाही, काडी ओळखू येत नाही आणि वास मातीचा येतो, तेव्हा ते शेतात न्यायच्या लायक झालं. जनावरांचं मूत गोठ्यातून वाहून जाऊ देणं हा सर्वांत मोठा तोटा आहे, कारण शेणापेक्षा मुतात लगेच मिळणारं नत्र जास्त असतं. रानात मेंढ्या बसवल्या तर पिकात तो फरक स्पष्ट दिसतो, त्याचं हेच कारण: लेंडी आणि मूत दोन्ही थेट जमिनीत जातात.

शेणखताच्या जोडीला थोडं नत्र बाहेरून लागतं, हे मी स्पष्टच सांगतो. कोरडवाहूसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी जमिनीच्या खोलीप्रमाणे आहेत: हलक्या जमिनीत हेक्टरी २५ किलो नत्र, मध्यम जमिनीत ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद, भारी जमिनीत ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद. एकराला करायचं तर भारी रानात युरिया साधारण ५२ किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट ७५ किलो, हलक्या रानात युरिया २२ किलो. हे सगळं पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत एकाच वेळी पेरणारं अवजार), बियाण्याच्या खाली ओलीत पडलं पाहिजे. वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीत पडून राहतो. तुमच्या काळ्या रानात आधीचं खत साठलेलं असल्यामुळे मी पहिली दोन वर्षं युरिया निम्म्यावर आणेन, आणि सळई ५० सेंमीच्या आत अडली तर त्याहून कमी करेन. सुपर फॉस्फेट मात्र कमी करणार नाही.

रासायनिक खत मुळीच नको असेल, तरी मार्ग आहे. बांधावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावा. त्यांच्या ओल्या पाल्यात नत्र पाऊण टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे एकराला १० किलो नत्र द्यायला सुमारे १.३ टन ओला पाला लागतो. कोवळ्या फांद्यांचा पाला ऑगस्टच्या अखेरीस पसरून मातीआड करा. तो शेणखतापेक्षा खूप लवकर कुजतो. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रावर रब्बी ज्वारीत वीस वर्षांहून जास्त काळ चाललेल्या प्रयोगात हेक्टरी २५ किलो नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि २५ किलो युरियातून ही जोडी सरस ठरली होती. ज्या रानात जूनमध्ये वेळेवर पाऊस येतो आणि जमीन मध्यम ते खोल आहे, तिथे मुगाचं बेवडही (ज्वारीआधीचं पीक) उत्तम. शेंगा तोडल्यावर पाला जमिनीतच गाडला तर ज्वारीला त्याचा आधार मिळतो. पण पावसाळा अर्धवट असेल तर मूग ज्वारीच्या वाट्याची ओल पिऊन जाईल. तागाचं हिरवळीचं खतही त्याच कारणाने दर वर्षी घेण्याजोगं नाही, आणि गाडायचंच तर ऑगस्टच्या मध्याच्या आत.

जीवामृताविषयी तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्न येतोच. २०० लिटरच्या एका टाकीत १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन असतं. या सगळ्यातलं नत्र मिळून पाव किलोच्या आसपास भरतं. त्याने जमिनीतल्या जीवाणूंना चालना मिळत असेल, पण २० किलोची गरज त्यातून भागणार नाही. ते शेणखताच्या जागी वापरू नका.

खत काम करतं की नाही हे शेजाऱ्याच्या रानाशी तुलना करून कधीच ठरत नाही. त्याची खोली वेगळी, पेरणीची तारीख वेगळी, ताटांची संख्या वेगळी. मागच्या वर्षाशी तुलना करूनही ठरत नाही, कारण पाऊस वेगळा. जर्मनीतल्या हाले इथे युलिउस क्यून यांनी १८७८ मध्ये राय या धान्याचा एक प्रयोग सुरू केला, तो आजही त्याच जागेवर चालू आहे. एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी १२ टन शेणखत, एका पट्ट्याला काहीच नाही. खत मिळालेल्या पट्ट्याचा उतारासुद्धा हवामानाप्रमाणे वर-खाली होत राहतो. तरीही दोन पट्टे शेजारी-शेजारी, एकाच पावसात असल्यामुळे त्यांच्यातल्या फरकातून खताचा वाटा कळतो. तुम्हीही हेच करा. काळ्या रानात उताराच्या दिशेने सहा सारखे पट्टे पाडा, एकाआड एक तीन पट्ट्यांना खत द्या, तीन कोरडे, म्हणजे बिनखताचे, ठेवा. बियाणं, युरिया, कोळपणी सगळ्यांना सारखी. कापणीला प्रत्येक पट्ट्याच्या मध्यातून, बांध सोडून, ४५ सेंमी अंतराच्या ५ ओळी ४.४५ मीटर लांबीच्या मोजा. ते जवळजवळ १० चौरस मीटर होतात. कणसं वाळवून, बडवून दाणा तोला. १ किलो दाणा म्हणजे एकरी ४ क्विंटल. कडबाही तोला. पट्टे चार वर्षं न बदलता तिथेच ठेवा. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही तरी निराश होऊ नका, आणि चांगल्या पावसाच्या एका वर्षी मोठा फरक दिसला म्हणून दुसऱ्या वर्षी खत दुप्पट करू नका.

यंदाचं नियोजन मी असं करेन. तुमच्याकडे ८ ट्रॉल्या खत आहे. काळ्या २ एकरांत मे महिन्यात एकरी १ ट्रॉली, कोरडे पट्टे वगळून. हलक्या रानातल्या एका एकरात १ ट्रॉली आणि तिथे मालदांडीऐवजी हलक्या जमिनीसाठीची फुले अनुराधा किंवा फुले माऊली. मालदांडी ३५-१ हे मोहोळला निवड पद्धतीने काढलेलं, दाण्याला आणि कडब्याला सरस वाण आहे, पण ३० सेंमीच्या रानात तिला शेवटपर्यंत पुरेल एवढं पाणीच नसतं. हलक्या रानातल्या दुसऱ्या एकरात ज्वारी घेऊच नका. तिथे ३ ट्रॉल्या देऊन जूनमध्ये बाजरी आणि तूर घ्या. ती पिकं पावसाळ्याचं पाणी पडतं तेव्हाच वापरतात आणि खताचं चीज होतं. पुढच्या वर्षी दोन्ही एकरांची अदलाबदल. उरलेलं खत तुरीचा पाला आणि बारीक केलेल्या काडीबरोबर खड्ड्यात परत घाला.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात काळ्या रानात उताराला आडवे सारे किंवा लहान वाफे पाडा, म्हणजे सप्टेंबरपर्यंतचं पाणी जागच्या जागी मुरेल. पेरणीआधी ते मोडून हलकी पाळी द्या. खतावर होतो तेवढाच, किंबहुना जास्त, फायदा या एका कामाचा होतो, आणि यात पैसे कमी, बैलाचे किंवा ट्रॅक्टरचे दोन-चार तास जातात. बियाणं एकरी ४ किलो. काणी रोग येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा, नंतर अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जीवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम, सावलीत वाळवून पेरा. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करून काळ्या रानात दोन ताटांत १५ सेंमी ठेवा, म्हणजे एकरी साठ हजारांच्या आत ताटं राहतात. हलक्या रानात, किंवा सळई कमी गेली असेल तर काळ्यातही, २० सेंमी ठेवा. विरळणीला लोक कचरतात, पण ओल मर्यादित असताना दाट ताटं म्हणजे सगळ्यांचीच उपासमार.

कोळपण्या तीन. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात अखंड पासाच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. तिसरी कोळपणी तणासाठी नसते, तोवर काळी जमीन भेगाळायला लागलेली असते आणि भेगांतून खालची ओल उडते. त्या बुजवायच्या असतात. तण नाही म्हणून ती टाळू नका. विहिरीला किंवा शेततळ्यात एका पाण्यापुरतं पाणी असेल तर काळ्या रानात ते ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत असताना द्या. खडखड्या आलेल्या रानात तर हे एक पाणी खताच्या सगळ्या हिशोबापेक्षा मोलाचं ठरतं. हलक्या रानात तोवर थांबता येत नाही. तिथे पानं सकाळी नऊच्या आत सुरळी धरू लागली की त्याच दिवशी पाणी सोडा.